नाक, दूध, ऑक्सिजन

सकाळी ७.३०

राउंड नऊला असतो, पण या दिवसांत मी साडेसातलाच वॉर्डात येते. रात्रपाळीच्या सिस्टर अजून गेलेल्या नसतात आणि मला जे विचारायचं असतं ते केसपेपरवर सापडत नाही. तिथे ताप, नाडी, रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन असतं. पहाटे कोणतं बाळ दूध ओढता ओढता सोडून रडायला लागलं आणि कोण रडायचंही सोडून गप्प पडलं, हे सिस्टरांनाच माहीत. त्यातल्या दुसऱ्याकडे मी आधी जाते.

पावसाळा सरता सरता सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत पाठ सोडत नाही, असा हा ब्रॉन्किओलायटिस. नोव्हेंबरात कारखान्यांचं गाळप सुरू होतं, बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या असतात. शेताच्या कडेला पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोप्यांमध्ये तीन-चार महिन्यांची बाळं पहाटेच्या दहिवरात आणि चुलीच्या धुरात झोपलेली असतात. कुणातरी मोठ्याला साधी सर्दी होते, तीच बाळाला लागते. बहुतेक वेळा विषाणू आरएसव्ही. मोठ्याच्या नाकात चार दिवस मुक्काम करून जाणारा हा पाहुणा बाळाच्या श्वासनळीच्या अगदी शेवटच्या, बारीक फाट्यांपर्यंत उतरतो. आतलं अस्तर सुजतं, झडलेल्या पेशी आणि चिकट स्राव मिळून नळ्या बुजतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, सोळा पट होतो. म्हणून जेवढ्या सुजेने आपण नुसते खोकलो असतो, तेवढ्याने बाळाचं पोट उडायला लागतं.

स्टेथोस्कोप पिशवीतच ठेवून मी दारापासून बघत जाते. झबलं वर करायला सांगायचं आणि नुसतं बघायचं. बरगड्यांखाली खळगा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, श्वासाबरोबर मान हलते का. मग घड्याळ धरून पुरतं एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची इंटर्नांची सवय मोडावी लागते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालतच नाही. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, त्यापुढे ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त भरले तर श्वास जलद. हे मोजायला डॉक्टर लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असं उपकरण केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू त्या कामामुळे घटल्याचं १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आमच्या इंटर्नकडे मोबाइलमध्ये स्टॉपवॉच आहे. मोजायचा धीर तेवढा कमी आहे.

सकाळी ९.००

राउंडमध्ये माझं मुख्य काम खोडायचं. रात्री आलेल्या बाळांच्या कागदांवर आधीच्या दवाखान्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवलेल्या असतात: दर चार तासांनी सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन, सोबत ब्यूडेसोनाइड, डेक्साचं इंजेक्शन, सेफट्रायाक्सोन, शिवाय एक खोकल्याचं औषध. लिहिणाऱ्यावर मी फारशी चिडत नाही. धापणारं बाळ समोर आणि दारात आठ नातेवाईक उभे असले की हात आपोआप चालतो. पण यातलं काहीच या आजाराला उपयोगी नाही. सालब्युटामॉल नळीभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतं. दम्यात ते कामाचं, कारण तिथे स्नायूच आवळलेला असतो. इथे नळी आतून सुजून बुजलेली. स्नायू सैल झाला तरी बूच जागच्या जागी. वर बाळाची नाडी दीडशेवरून पावणेदोनशेवर जाते आणि ते आणखी कावरंबावरं होतं. स्टेरॉइडचं तेच, ॲड्रेनलिनच्या वाफेचंही तेच. आजार विषाणूचा, त्यामुळे जंतुसंसर्गाची वेगळी खूण दिसल्याशिवाय अँटिबायोटिक नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सगळं स्वच्छ लिहून ठेवलं आहे. सरसकट एक्स-रेही काढू नका, असंही त्यात आहे. हे मला विशेष पटतं. एक्स-रे काढला की स्रावाने मिटलेला फुप्फुसाचा एखादा कोपरा पांढरा दिसतो, त्याला न्यूमोनिया म्हटलं जातं आणि मघाशी खोडलेलं सेफट्रायाक्सोन मागच्या दाराने परत येतं.

खोडलं की शेजारी कारण लिहायचं, हा माझा नियम. नाहीतर संध्याकाळी कुणीतरी सद्हेतूनेच ती ओळ पुन्हा लिहितं.

सात नंबरचं मूल दीड वर्षाचं, तिसऱ्यांदा घरघर, बापाला दमा. त्याला मी सालब्युटामॉल देऊन बघते, अर्ध्या तासाने परत श्वास मोजते आणि फरक पडला तरच चालू ठेवते. ही गोष्ट वेगळी. सगळ्या घरघरींना एकच नाव देऊन टाकलं की डॉक्टरचं सोपं होतं, मुलाचं होत नाही.

वाफ बंद केल्यावर नातेवाईक मात्र अस्वस्थ होतात. मशीन गुणगुणतं, मास्कमधून धूर निघतो, काहीतरी चाललंय हे डोळ्यांना दिसतं. आता तर नेब्युलायझर घरोघरी झाले आहेत. मिक्सरशेजारी ओट्यावर ठेवलेले मी पाहिले आहेत.

सकाळी १०.१५

खरा उपचार आता सुरू होतो आणि तो माझ्या हातून होत नाही. इन्चार्ज सिस्टर ट्रे घेऊन निघतात. ट्रेमध्ये सलाइनचे थेंब, मऊ सक्शन कॅथेटर, फीडिंग ट्यूब, मोठ्या सिरिंजा.

तीन नंबरवर तोडणी कामगारांचं चार महिन्यांचं बाळ. सॅच्युरेशन ८९, श्वास ६४, नाक गच्च. या वयाची बाळं जवळपास नाकानेच श्वास घेतात. दूध पिताना तोंड गुंतलेलं. त्यात नाक बंद म्हणजे चार घोट घेतले की सोडून द्यायचं, दम खायचा, रडायचं. सिस्टर मान एका कुशीला वळवतात, दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडतात आणि थांबतात. हे थांबणं महत्त्वाचं. घाईत असलेला माणूस लगेच नळी घालतो आणि सुका शेंबूड सुकाच राहतो. मग कॅथेटर नाकपुडीच्या तोंडाशीच, खोल नाही. खोल खुपसलं तर आतलं अस्तर आणखी सुजतं आणि बाळाला उगाच ठसका लागतो. घुर्र आवाज होऊन जाड, पिवळसर तार नळीत चढते. बाळ किंचाळतं, लालबुंद होतं आणि शिंकतं. दोन-तीन मिनिटांत मॉनिटरवर ९३, मग ९४. आईने छातीशी घेतल्यावर पहिल्यांदाच सलग ओढतं.

आजी पायथ्याशी बसून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, “औषध कंचं दिलं?”

“नाक साफ केलं आजी.”

“ते तर मी पदरानं करतेच की!”

“पदरानं बाहेरचं निघतं. अडलंय ते आत.”

आजींना पटलं नाही. बाळाच्या पोटावर बेंबीच्या वर बिब्ब्याचे काळे ठिपके होते, म्हणजे त्यांनी त्यांच्या परीने इलाज केलेलाच होता. पुढचा प्रश्न धुरीचा. अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी घरी रोज असते, इथे कशी द्यायची? मी म्हटलं, धुरी आता महिनाभर नको, घरी गेल्यावरही नको आणि बाळाची झोळी चुलीपासून लांब बांधा. धुराने नळीची सूज वाढते, हे आजींनी ऐकून घेतलं. चुलीचं मात्र त्या म्हणाल्या ते खरं होतं: “कोपीत लांब म्हंजी किती लांब, बाई?”

सकाळी ११.००

दूध. रोजच्या निम्म्याहून कमी पीत असेल तर बाळ दाखल, हा माझ्या दृष्टीने सॅच्युरेशनइतकाच मोठा निकष. धापणाऱ्या बाळाला जबरदस्तीने पाजलं तर दूध श्वासनळीत जायची भीती, न पाजलं तर ते थकतं आणि सुकतं. मधला रस्ता म्हणजे नळी. नाकपुडी मोकळी राहावी म्हणून आम्ही ती तोंडातून घालतो. आईने स्टीलच्या वाटीत दूध पिळून द्यायचं, दट्ट्या काढलेल्या सिरिंजमध्ये ओतायचं आणि सिरिंज हातभर वर धरायची. दूध आपल्या वजनाने उतरतं. दट्ट्याने ढकलायचं नाही. पाच किलोच्या बाळाला दर दोन तासांनी वीस-तीस मिली, सोसलं की वाढवत जायचं.

पिळायला कोणी शिकवलेलं नसतं, गर्दीत लाज वाटते, पहिल्यांदा वाटीच्या तळालाही पुरत नाही. आमच्या मावशी त्यात उस्ताद. पडदा ओढून, कोमट पाण्यात भिजवलेला कपडा देऊन, माहेरच्या गप्पा काढत त्या अर्धी वाटी भरवून घेतात. त्यांच्या पगारपत्रकावर हे काम कुठेच नाही.

बापांचं म्हणणं वेगळं: “सलाइन लावा ना मॅडम.” सलाइनवर आपल्याकडे जेवढी श्रद्धा आहे तेवढी डॉक्टरवरही नाही. पण या आजारात शरीर पाणी धरून ठेवतं; हात सैल सोडून सलाइन दिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. श्वास इतका जलद आहे की पोटात दूध टाकणंच धोक्याचं, अशा बाळालाच मी शिरेतून देते, तेही मोजून आणि नेहमीपेक्षा कमी.

सकाळी ११.४५

ओपीडी. इथे उशीर होतो, त्यामुळे रांगेत थोडी आरडाओरड. ब्रॉन्किओलायटिसची बहुतेक बाळं इथूनच घरी जातात आणि जायलाच हवीत. वॉर्डात ठेवलं तर दुसरा कुठलातरी विषाणू घेऊन जातील. घरी पाठवताना मी कागदावर वार लिहून देते. सर्दीपासून तिसरा ते पाचवा दिवस सगळ्यात वाईट असतो, हे आधी सांगितलं नाही तर आई दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि तिथे बाटल्यांची यादी वाढते. “शुक्रवार-शनिवार जास्त वाटेल. दूध निम्म्यावर आलं, ओठ निळे दिसले, श्वास मध्येच थांबला, बाळ मलूल पडलं, तर रात्र असली तरी या. खोकला दोन-तीन आठवडे राहील, त्याला औषध नाही.” शेवटचं वाक्य ऐकताना चेहरे पडतात.

आज दोन बाळं मी ठेवून घेतली. एक सहा आठवड्यांचं, आठव्या महिन्यात जन्मलेलं. नुसती सर्दी, श्वास ४८, सॅच्युरेशन ९६. आकड्यांवर गेलं तर घरी पाठवावं असं. पण एवढ्या लहान आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळात हा आजार धापेने सुरू न होता श्वास थांबण्यानेही सुरू होऊ शकतो.

दुसरं ब्रॉन्किओलायटिस म्हणून पाठवलेलं, तीन महिन्यांचं. यकृत चार बोटं हाताला लागत होतं. इंटर्न म्हणाला, फुप्फुसं फुगल्यामुळे खाली ढकललं गेलं असेल. बरोबर, तसं होतं. म्हणून वरची कड बोटांनी ठोकून बघायची. यकृत ढकललं गेलं असेल तर वरची कडही खाली येते. इथे ती जागेवरच होती, म्हणजे यकृत खरोखर मोठं. पिताना घाम येतो का, असं विचारल्यावर आई म्हणाली, उशी भिजते. आवाज ऐकू यायला मला दोन मिनिटं शांतता लागली, पण छातीत मर्मर होता. हृदयातल्या छिद्राची शंका, उद्या टूडी इको.

दुपारी २.१५

डबा. इंटर्नही आपापले डबे घेऊन येतात, आणि जेवताना शिकवू नये हा नियम मी पाळत नाही. आरएसव्ही १९५६ साली अमेरिकेत सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. बाळांमध्ये तोच असल्याचं पुढच्याच वर्षी कळलं. १९६०च्या दशकात लस करून बघितली. फॉर्मलिनने मारलेला विषाणू टोचलेल्या बाळांना नंतर खरी लागण झाली तेव्हा आजार उलट जास्त जोराचा झाला आणि दोन बाळं दगावली. त्या धक्क्याने हे क्षेत्र कित्येक वर्षं मागे गेलं. गरोदर बाईला द्यायची लस आणि बाळाला एकदाच टोचायचं प्रतिपिंड, दोन्ही २०२३ पासून पाश्चात्त्य देशांत वापरात आली. आपल्या सरकारी लसीकरणात त्यातलं अजून काही नाही. एका मुलीने विचारलं, किंमत किती? मी तिला पोळी पुढे केली.

दुपारी ३.३०

ऑक्सिजन काढायची वेळ. लावणं सोपं: ९०च्या खाली राहिलं की नाकाच्या नळीने मिनिटाला अर्धा-एक लिटर, लागलं तर दोन. कोविडनंतर आवारात प्लांट उभा राहिला, भिंतीतून लाइन आली, सिलिंडर लोळवत आणायचे दिवस गेले. काढणं अवघड, कारण कोविडनेच घराघराला ऑक्सिमीटरही शिकवला. बाळ हसतंय, पितंय, पण झोपेत क्षणभर ८८ दिसलं की पाच जण सिस्टरकडे धावतात.

टोरांटोच्या बालरुग्णालयात यावर एक अभ्यास झाला. तो २०१४ साली ‘जामा’मध्ये आला. तातडीच्या विभागात आलेल्या २१३ बाळांपैकी निम्म्यांचा ऑक्सिमीटर खरा आकडा दाखवत होता, उरलेल्यांचा तीन अंकांनी वाढवलेला. तीन दिवसांच्या आत खऱ्या आकड्याच्या गटात ४१ टक्के बाळं दाखल झाली, वाढवलेल्या गटात २५ टक्के. आजार दोन्हीकडे सारखाच. फरक नुसता पडद्यावरचा. तेव्हापासून सुधारणाऱ्या बाळाचा मॉनिटर मी काढूनच टाकते आणि दर चार तासांनी बघायला सांगते. आज नऊ आणि अकरा नंबरचे काढले. अकरा नंबरच्या वडिलांनी स्वतःचा ऑक्सिमीटर खिशातून काढून बाळाच्या अंगठ्याला लावला. तो मोठ्यांचा, चिमुकल्या अंगठ्यावर ७२ दाखवत होता. त्यांचा रंग उडाला. त्यांच्याच बोटाला लावून दाखवला, मग जरा शांत झाले.

संध्याकाळी ५.३०

तीन नंबरच्या आईला घरी जायचंय. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती इथे बसली की कोयता मोडतो, खाडा लागतो आणि उचल तर दिवाळीआधीच संपलेली. बाळ आजाराच्या चौथ्या दिवशी आहे, ऑक्सिजन अर्ध्या लिटरवर. मी मुकादमाला फोन लावायला सांगितला.

“मॅडम, गाडी भरायची असती आमाला. माणसं कमी पडत्यात.”

“दोन दिवस. बाप परत येईल आज, आई इथे राहील.”

“आन खाडा?”

“तो तुमचा हिशोब. बाळ वाटेत गेलं तर हिशोब कुणाचा?”

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज, मग “ऱ्हावू द्या दोन दिस.” मी जरा जास्त बोलले असेन, पण या वाक्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. मोठी मुलगी कोपीवर शेजारणीजवळ आहे, सात वर्षांची. बाप तिच्यासाठी बिस्किटपुडा घेऊन एसटीला गेला. सही करून निघून जाणाऱ्यांवर ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ असा शिक्का मारतात. त्या शिक्क्यामागे बहुतेक वेळा असा एक मुकादम असतो.

रात्री ८.००

ड्यूटी बदल. रात्रीच्या डॉक्टरला तीनच बाळं नीट समजावली. बाकीच्यांसाठी नाक, दूध, ऑक्सिजन एवढंच. सहा आठवड्यांच्या बाळाच्या पायाला मॉनिटर ठेवायचाच, काढायचा नाही.

रात्री १०.४०

फोन आला. त्याच बाळाचा श्वास वीसेक सेकंद थांबला, नाडी उतरली, तळपायाला टिचकी मारल्यावर परत आला. दहा मिनिटांत पुन्हा. मी पोचले तेव्हा सिस्टरांनी बबल सीपॅप मांडून ठेवला होता. हवा-ऑक्सिजनचं मिश्रण नाकात घट्ट बसणाऱ्या नळीतून जातं, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेलं. तेवढा दाब मिटू पाहणारी फुप्फुसं उघडी ठेवतो. ढाक्याच्या डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी हाच प्रकार शाम्पूच्या रिकाम्या बाटलीवर करून दाखवला; गंभीर न्यूमोनियाच्या मुलांवरचा त्यांचा अभ्यास २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आमची बाटली कंपनीची आहे, पण तत्त्व तेच.

बुडबुडे थांबले तर बाटलीकडे बघायचं नाही, आधी नाकातली नळी सरकली का ते बघायचं, मग बाळाचं तोंड उघडं आहे का ते. नाक पुन्हा एकदा साफ केलं, टोपीला नळी नीट बांधली, पोट फुगू नये म्हणून तोंडातली नळी उघडी ठेवली. अर्ध्या तासात एकदाही श्वास थांबला नाही. तरी मेडिकल कॉलेजच्या पीआयसीयूला, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागाला, व्हेंटिलेटरची खाट विचारून ठेवली आणि १०८ रुग्णवाहिकेला कल्पना दिली. रात्रीच्या डॉक्टरला म्हटलं, दर पंधरा मिनिटांनी स्वतः मोजा. आणि एसएनसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या कक्षाच्या, सिस्टरना आत्ताच फोन करा. दुसरं बाळ सीपॅपवर घ्यायची वेळ आली तर मशीन त्यांच्याकडूनच मागावं लागेल आणि पहाटे मागितलं तर त्या देणार नाहीत.